३६५ दिवसांचं वर्ष कुणालाच मिळत नाही

कपाटाच्या खालच्या खणात माझ्या तीन जुन्या डायऱ्या आहेत. तिघींची गत एकच. १ जानेवारीचं पान मोत्यासारख्या अक्षरात, संकल्पाखाली पट्टीनं मारलेली रेघ, मग दहा-बारा दिवस रोज एक बरोबरची खूण. त्यातल्या एकीत १३ जानेवारीच्या पानावर लिहिलंय, ‘आज राहिलं. उद्या दुप्पट.’ १४ तारखेला, ‘आजही नाही. उद्या तिप्पट.’ १५ पासून पानं कोरी. जूनमध्ये एका पानावर कुणाचा तरी फोन नंबर आहे, तोही नावाशिवाय.

पुष्कळ वर्षं मी याचं खापर स्वभावावर फोडत होते. आपण आरंभशूर, आपल्यात निग्रह नाही, वगैरे. परवा पानं पुन्हा चाळली तेव्हा लक्षात आलं की घोळ १३ तारखेचा नव्हताच. तो १ तारखेला, त्या सुवाच्य अक्षरातच झाला होता. ‘रोज एक तास’ असं मी लिहिलं होतं. तो तास दिवसातल्या कुठल्या कामातून काढायचा, आजारपणात आणि प्रवासात त्याचं काय करायचं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. संकल्प होता, हिशोब नव्हता.

झेपेल असं ध्येय म्हटलं की लोक छोटंसं, बेतास बात काहीतरी डोळ्यांसमोर आणतात. मला ते पटत नाही. ध्येय मोठं असू द्या की. फक्त ते आपल्या खऱ्या वर्षात बसतं का, हे आधी मोजून पाहिलेलं हवं. हा लेख त्या मोजणीबद्दल आहे.

आधी, लोकांचं खरंच काय होतं

अमेरिकेत जॉन नॉरक्रॉस या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात नव्या वर्षाचा संकल्प केलेल्या २०० जणांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. पहिला आठवडा ७७ टक्के लोकांनी निभावला. सहा महिन्यांनी ४० टक्के उरले आणि दोन वर्षांनी १९. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते काही उगाच नाही.

पण या अभ्यासातला सगळ्यात कामाचा आकडा यानंतर येतो, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. शेवटपर्यंत टिकलेल्या त्या १९ टक्क्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक मधे कधी ना कधी घसरले होते. दोन वर्षांत घसरण्याची सरासरी होती १४ वेळा. म्हणजे जिंकलेल्यांच्या वहीतही खाडे होतेच. फरक एवढाच की त्यांच्या १५ तारखेचं पान कोरं राहिलं नाही.

संकल्पांची टर उडवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २००२ च्या एका अभ्यासात नॉरक्रॉस यांनी दोन गट पाहिले. दोघांनाही स्वतःत बदल हवा होता. एका गटानं नव्या वर्षाचा संकल्प केला, दुसऱ्यानं ‘बघू कधीतरी’ म्हटलं. सहा महिन्यांनी संकल्पवाले ४६ टक्के टिकून होते, ‘बघू’वाले ४ टक्के. तेव्हा १ जानेवारीला काही अर्थच नसतो, हेही खरं नाही. २०१४ मध्ये हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी दाखवून दिलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला लोकांचं व्यायामशाळेत जाणं खरोखरच वाढतं. नवी तारीख मनाला एक ढकल देते. गाडी पुढे जायला मात्र पेट्रोल लागतं.

आपला अंदाज नेहमी एकाच बाजूला का चुकतो

डॅनियल कानमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये माणसाच्या एका खोडीला नाव दिलं. मराठीत त्याला ‘नियोजनातला भ्रम’ म्हणू. एखाद्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधताना आपण सगळं सुरळीत पार पडेल असं गृहीत धरतो. पूर्वी अशा कामांना किती वेळ लागला होता, हे आठवत असूनही त्या आठवणीला विचारत नाही.

कानमन यांच्या स्वतःवरच ही वेळ आली होती. इस्रायलमध्ये शाळांसाठी एक अभ्यासक्रम आणि त्याचं पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटात ते होते. काम किती दिवसांत संपेल हे प्रत्येकानं कागदावर लिहायचं ठरलं. उत्तरं आली दीड ते अडीच वर्षं. मग त्यांनी गटातल्या अभ्यासक्रमाच्या तज्ज्ञाला विचारलं, ‘आपल्यासारख्या इतर गटांना किती वेळ लागला?’ तो गृहस्थ जरा थांबून म्हणाला की सुमारे ४० टक्के गटांनी काम अर्धवटच सोडलं आणि उरलेल्यांना सात ते दहा वर्षं लागली. गंमत म्हणजे ही माहिती डोक्यात असलेल्या त्याच माणसानं स्वतःच्या कागदावरही दोन-अडीच वर्षांच्या आतलाच आकडा लिहिला होता. त्याहून गंमत पुढे. हे ऐकूनही गटानं काम तसंच चालू ठेवलं. ते संपायला आठ वर्षं लागली.

विद्यार्थीही काही वेगळे नसतात. १९९४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पुरा होईल हे विचारलं. सरासरी उत्तर होतं ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? तर साधारण ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे आपण ‘वाईटात वाईट’ म्हणून जे धरतो, त्यापेक्षाही खरं आयुष्य थोडं पुढेच असतं.

यावरचा उतारा अगदी साधा आहे, पण अहंकाराला जरा झोंबतो. ‘मला किती वेळ लागेल’ हे स्वतःला विचारू नका. ‘मागच्या वेळी किती लागला होता’ आणि ‘माझ्यासारख्या इतरांना किती लागतो’ हे विचारा.

एक हिशोब मांडून बघू

समजा तुम्ही ठरवलंत, या वर्षी ५० पुस्तकं वाचायची. आकडा गोल आहे, ऐकायला छान वाटतो. आता कागद घ्या.

एक पुस्तक सरासरी २५० पानांचं धरलं तर ५० पुस्तकांची पानं झाली १२,५००. तासाला ३० पानं हा तुमचा वेग असेल तर तास झाले साधारण ४१७. रोज झोपण्यापूर्वी अर्धा तास वाचायचं म्हटलं तर रोजची १५ पानं, ३६५ दिवसांत ५,४७५, म्हणजे २२ पुस्तकं. एकही दिवस न चुकता, तापातसुद्धा वाचून, २२.

आता गेल्या वर्षाचं कॅलेंडर काढा. फोनमधले जुने फोटो आणि निरोपही चालतील; आपण कुठल्या दिवशी कुठे होतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं आठवतं. आजारपणाचे दिवस मोजा, समजा १२. प्रवासाचे ३०. रात्री उशिरापर्यंत काम चाललेले ३५. पाहुणे, समारंभ, धावपळ यांचे २०. आणि कारण काहीच नसताना नुसतेच वाया गेलेले २८. हा शेवटचा आकडा लिहायला लाज वाटते, पण तो लिहिलाच पाहिजे, कारण पुढच्या वर्षीही तो येणार आहे. बेरीज झाली १२५. उरले २४० दिवस.

२४० दिवस, रोज १५ पानं, म्हणजे ३,६०० पानं. चौदा पुस्तकं.

पन्नास आणि चौदा यांच्यातली जी दरी आहे, तिलाच आपण नंतर वर्षभर ‘माझ्यात चिकाटी नाही’ म्हणतो. चिकाटीचा इथे संबंधच नव्हता. या २४० दिवसांत ५० पुस्तकं वाचायची तर रोज पावणेदोन तास हवेत. ते काढणं शक्य आहे का, आणि कशातून, हा खरा प्रश्न आहे. झोपेतून? मुलांच्या वेळातून? मोबाइलमधून? उत्तर मिळालं तर खुशाल पन्नास लिहा. नाही मिळालं तर अर्ध्या तासाचा पाऊण तास करता येतो का पाहा. तेवढ्यानं आकडा एकविसाच्या पुढे जातो.

हाच हिशोब पोहण्याला, वाद्याला, नव्या भाषेला, सगळ्याला लागू पडतो. आणि दोन-तीन संकल्प एकाच वर्षात असतील तर ते सगळे मिळून एकाच २४० दिवसांतून खाणार आहेत, हे विसरू नका. डिसेंबरच्या शेवटच्या रात्री आपण सात संकल्पांची यादी करतो तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र वर्ष दिल्यासारखं वाटत असतं.

काय लिहायचं आणि कसं

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी ध्येयांवर कित्येक दशकं काम केलं. त्यांचा मुख्य निष्कर्ष असा की ‘जमेल तेवढं करीन’ यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय ठेवणाऱ्यांच्या हातून काम जास्त होतं. अट दोनच, ते आपल्या आवाक्यात हवं आणि मनापासून स्वीकारलेलं हवं. म्हणून हिशोब करून आकडा कमी आला तरी तो फार सोपा करून टाकू नका. चौदाच्या जागी पाच लिहिलेत तर मार्चमध्येच कंटाळा येईल.

कार्यालयांत ‘स्मार्ट’ नावाची पाच इंग्रजी अक्षरांची कसोटी फिरत असते: ध्येय नेमकं, मोजता येणारं, वास्तवाला धरून, मुदतीचं आहे ना, वगैरे. ती १९८१ मध्ये जॉर्ज डोरान यांनी कंपन्यांतल्या व्यवस्थापकांसाठी मांडली होती, आणि मूळ मांडणीत एक अक्षर ‘हे काम कोण करणार’ यासाठी होतं. घरच्या संकल्पात तो प्रश्नच येत नाही, करणार आपणच. बाकी अक्षरं बरी आहेत. फॉर्म भरण्यापुरती ती वापरली की मात्र त्यांचा काही उपयोग होत नाही.

माझ्या मते त्याहून महत्त्वाचे दोन बदल आहेत. पहिला, निकालाऐवजी कृती लिहा. ‘दहा किलो कमी करायचे’ हा निकाल आहे. वजनकाट्यावर काय दिसेल हे पूर्णपणे आपल्या हातात नसतं. ‘आठवड्यातून चार दिवस चाळीस मिनिटं चालायचं’ ही कृती आहे. ती झाली की नाही, हे रात्री झोपताना छातीठोकपणे सांगता येतं.

दुसरा, ‘नाही करणार’च्या जागी ‘करणार’ लिहा. स्वीडनमध्ये हजाराहून जास्त लोकांवर केलेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काहीतरी सुरू करण्याचा संकल्प केलेल्यांपैकी वर्षअखेर सुमारे ५९ टक्के स्वतःला यशस्वी म्हणवत होते. काहीतरी टाळण्याचा संकल्प केलेल्यांत ४७ टक्के. ‘मोबाइल कमी बघणार’ या वाक्यात करण्यासारखं काहीच नाही, फक्त न करण्यासारखं आहे. ‘दहा वाजले की मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावणार’ यात हात-पाय हलवायला जागा आहे.

‘जर’ आणि ‘तर’

पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाची कल्पना इतकी साधी आहे की पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पान उलटून पुढे गेले होते. तो म्हणतो, ध्येयाबरोबर एक ‘जर-तर’ वाक्य लिहा. जर अमुक वेळ आली, अमुक जागा आली, तर मी तमुक करीन. बस्स.

२००२ मध्ये ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग झाला. येत्या आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटं दमदार व्यायाम करायचा होता. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायाम हृदयासाठी किती चांगला हे पटवून देणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्याला तोच मजकूर दिला आणि शिवाय कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहून घेतलं. पहिल्या गटातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्यात ३५. तिसऱ्यात ९१.

दुसऱ्या गटाकडे जरा थांबून पाहा. नुसत्या प्रेरणेनं काडीचाही फरक पडला नाही. सकाळी सकाळी आपल्याला जे स्फूर्तिदायक निरोप येतात, त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. अर्थात प्रयोग एका आठवड्याचा होता, वर्षाचा नव्हे. तेवढं लक्षात ठेवूनच तो आकडा वाचायला हवा.

हे का चालतं, तर ऐन वेळी विचार करावा लागत नाही म्हणून. संध्याकाळी सहाला दमून घरी आल्यावर ‘आज जाऊ का नको’ ही चर्चा मनात सुरू झाली की तिचा निकाल ठरलेला असतो. त्यापेक्षा ‘घरात शिरलो की बसायच्या आधी बूट बदलायचे’ हे आधीच ठरलेलं असलं तर चर्चेला तोंडच फुटत नाही. वाक्य लिहिताना ‘जर’ची बाजू रोज नक्की घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. ‘वेळ मिळाला की’ ही ‘जर’ची बाजू होऊ शकत नाही. वेळ मिळत नसतोच.

सवय लागायला २१ दिवस लागतात, हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. त्याचा उगम १९६० मधल्या एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात असं त्यांनी म्हटलं होतं. त्यातला ‘निदान’ गळाला, चेहराही गळाला, २१ तेवढे उरले. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर प्रत्यक्ष मोजलं आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. एखादी कृती अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा ६६ होता, आणि माणसामाणसांत तो १८ पासून २५४ पर्यंत बदलत होता. तेव्हा २२ व्या दिवशी कंटाळा आला तर आपल्यात काही खोट आहे असं समजू नका. याच अभ्यासात हेही दिसलं की मधे एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

खाडा पडला, आता?

आता ‘उद्या दुप्पट’कडे येऊ. संकल्प तिथेच मरतो, म्हणून इथे सावकाश बोलायला हवं.

१९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक प्रयोग केला. लोकांना आधी मिल्कशेक दिला आणि मग चव सांगण्याच्या निमित्तानं हवं तेवढं आइस्क्रीम खायला दिलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलं होतं म्हणून. पथ्य पाळणाऱ्यांचं उलट झालं. मिल्कशेक न मिळालेल्या पथ्यवाल्यांपेक्षा मिल्कशेक प्यायलेल्या पथ्यवाल्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच आहे ना, मग आता कशाला मागे हटा!

नेम जितका कडक, तितका पहिल्या खाड्यानंतरचा हा ‘मोडलंच आहे ना’ जोरात येतो. ‘उद्या दुप्पट’ हे त्याचंच सज्जन रूप आहे. दिसायला जिद्द, आतून व्याजावर घेतलेलं कर्ज. ज्या माणसाला आज एक तास जमला नाही, त्याला उद्या दोन तास कुठून जमणार? उद्या न जमल्यावर तीन होतात, आणि चौथ्या दिवशी माणूस वहीकडे बघणंच सोडतो. सावकाराच्या दारावरून जाणं टाळावं तसं.

म्हणून खाड्याची तरतूद आधीच करून ठेवा. २०१७ मध्ये मारिसा शरीफ आणि सुझान शू यांनी आठवडाभराच्या एका कंटाळवाण्या कामावर हे तपासलं. काहींना सातही दिवस करायचं होतं, काहींना पाच दिवस, आणि काहींना सात दिवस पण त्यात दोन सुट्या ‘राखीव’, अडचण आली तरच वापरायच्या. राखीव सुट्यांवाला गट बाकी दोघांच्या जवळजवळ दुप्पट यशस्वी झाला. पाच दिवसवाल्यांना मुळात तेवढंच काम होतं, तरीही. सुटी हाताशी आहे म्हटल्यावर माणूस ती जपून वापरतो, आणि वापरली तरी सगळं मोडलं असं त्याला वाटत नाही.

मी आता दोनच नियम पाळते. गेलेला दिवस गेला, त्याची थकबाकी पुढे ओढायची नाही. आणि खाड्यानंतरच्या दिवशी नेहमीपेक्षा कमी करायचं, अगदी पाच मिनिटं, पण करायचं. पहिल्या आठवड्यात हे फसवणुकीसारखं वाटतं.

लिहून ठेवणं, आणि सोडून देणं

लिहिण्याबद्दल एक किस्सा व्याख्यानांत फार सांगितला जातो. १९५३ मध्ये येल विद्यापीठातल्या ३ टक्के विद्यार्थ्यांनीच ध्येयं लिहून काढली होती आणि वीस वर्षांनी त्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त निघाली. असा अभ्यास कधी झालेलाच नाही. पुढच्या वेळी कुणी सांगितला तर हसून सोडून द्या.

प्रगती नोंदवत राहण्याचा उपयोग मात्र खरा आहे. २०१६ मध्ये १३८ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दिसलं की आपण कुठवर आलो हे अधूनमधून तपासणारे लोक ध्येयाच्या जास्त जवळ पोचतात, आणि ते कुठेतरी लिहून ठेवलं किंवा चारचौघांत सांगितलं तर परिणाम वाढतो. त्यासाठी ॲप लागत नाही. माझ्याकडे कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवलेला एक कागद आहे, २४० चौकोनांचा. तारखा नाहीत त्यात, नुसते चौकोन. केलं की एक भरायचा. तारीख नसल्यामुळे कोरं पान असा प्रकारच उरत नाही.

दर तीन महिन्यांनी तो कागद आणि हिशोब शेजारी ठेवून पाहा. मार्चअखेर साठच्या आसपास चौकोन भरलेले असावेत. तीस भरले असतील तर स्वतःला बोल लावण्याआधी आकडा बदला. जानेवारीत तो अंदाज होता, आता हाताशी पुरावा आहे. आणि कागदाकडे पाहून तुम्हाला नुसताच शीण येत असेल तर हे ध्येय मुळात तुमचं होतं का, की कुणाचं पाहून घेतलं होतं, हेही विचारून पाहा.

त्या कोऱ्या डायऱ्यांतला एक संकल्प गिटारचा होता. तीन वर्षं तो एका वहीतून दुसरीत गेला. गेल्या एप्रिलमध्ये हिशोब केला, तर त्या वर्षी गिटारला माझ्याकडे एकही चौकोन शिल्लक नव्हता, आणि खरं सांगायचं तर काढायची इच्छाही नव्हती. भाचीला देऊन टाकली. ती रोज वाजवते, बेसूर. तिच्याकडे गेले की शेजारच्या खोलीत बसून मी माझी पंधरा पानं वाचते.